सोमवारी शेजारी बसायला

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, शाळेतले सर्व शिक्षक, जमलेली मंडळी आणि आज निवृत्त होत असलेल्या आमच्या बाई,

जुन्या पालकांतर्फे मला बोलायला सांगितलंय. खरं तर मी पालक नाही, ताई आहे. आई कामावर असायची, म्हणून धाकट्या भावाला बाईंच्या भाषेच्या तासाला मीच आणायची आणि तास संपेपर्यंत तिथेच बसायची. त्याला शब्द सापडायला वेळ लागायचा. बाईंनी त्याला प्रश्न विचारला, की मी उत्तर देऊन मोकळी. शेवटी बाईंनी माझ्या तोंडात लिमलेटची गोळी ठेवली. "ही विरघळेपर्यंत तोंड बंद. आणि चावायची नाही!" हसा तुम्ही, मी तेव्हा रडले होते. बाई मात्र त्याच्या उत्तरासाठी थांबल्या.

"मोठा झाला की सुटेल जीभ," असं सगळे म्हणायचे. सुटली का? भाऊ आता चौतिशीचा आहे. गोदामात माल उचलायची गाडी चालवतो. मित्रांत विनोद सांगतो, भाचीला चिडवतो. पण कुणी दरडावून विचारलं, की शब्द अजूनही कुठेतरी मागेच राहतात.

गेल्या आठवड्यात गोदामात काचांची थप्पी कोसळली. गाडी दुसराच चालवत होता. साहेबांनी याला विचारलं, "तूच होतास ना? बोल की, दातखीळ बसली का?" हा गप्प. गप्प म्हणजे कबूल, असं धरून त्याला घरी बसवलं. सोमवारी शेवटची चौकशी आहे. नोकरी राहते की जाते, ते तिथेच ठरेल.

मला रडू आलं नाही. भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. चौकशीला सोबत एक माणूस नेता येतो. मी म्हटलं, "मी येते."

त्याने मान हलवली. "ताई नको."

"का रे?"

"तू बोलतेस."

"मग कोण?"

"बाई. बाई थांबतात."

बाई, आजच्या दिवशी कुणी काम सांगू नये, कळतं मला. उद्यापासून तुम्हाला विश्रांती, असं आत्ताच सगळे म्हणाले. पण सोमवारी सकाळी त्याच्या शेजारी बसाल का? बोलायचं काहीच नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. म्हणणं त्याचं होतं, मी फक्त पोचवलं. त्यात माझा एखादा शब्द मिसळला असेल, तर तेवढी चूक पदरात घ्यावी.