बिल्ला नसलेली गिटार

बाई : दुरुस्त करून नकोच आहे मला. ही कामातून गेली, एवढंच तुम्ही सांगायचं.

दुरुस्तीवाला : पण गेलेली नाही ना, ताई.

बाई : तुम्ही अजून पेटीतून पुरती बाहेरसुद्धा काढली नाहीत.

दुरुस्तीवाला : तुम्ही दारातून आणलीत तेव्हाच दिसली. पेटी हातभर लांब धरून आलात. मेलेला उंदीर शेपटीला धरून टाकायला निघावं, तशा. तेव्हाच म्हटलं, बिघाड गिटारीत नाही.

बाई : माझी लेक संध्याकाळी येईल न्यायला. तिला वाटतंय, मी हिचं कूळ शोधायला आणलीय. कुठली, कुणी बनवली, नाव का नाही. तुम्ही तिला म्हणायचं, आतून सडलीय, सुटे भाग जगात कुठे मिळत नाहीत. तुमचं ऐकेल ती. माझं ऐकायचं तिनं दहावीतच सोडलं.

दुरुस्तीवाला : गिऱ्हाइकांना थापा मारल्यात मी, नाही म्हणत नाही. पण गिटार ठणठणीत असताना मेली म्हणून सांगायचं, हे नाही जमायचं. बघू तर द्या आधी. तो दिवा जरा इकडे ओढता?

बाई : तुम्हीच ओढा. मी नाही येत जवळ.

दुरुस्तीवाला : अहो, चावते का ती?

बाई : चेष्टा नको.

दुरुस्तीवाला : बसा. त्या खुर्चीवरची वायरची भेंडोळी खाली टाका आणि बसा. पंखा लावू?

बाई : माझा दादा गेला तेव्हा ही त्याच्या मांडीवर होती. मी शाळेतून आले, दप्तर टाकलं, हाक मारली. खिडकीपाशी बसला होता, भिंतीला टेकून. मला वाटलं, वाजवता वाजवता डुलकी लागलीय. मी गुदगुल्या करायला गेले.

दुरुस्तीवाला : अरेरे.

बाई : बाबांनी ही पेटीत कोंबली आणि माळ्यावर टाकली. फेकली नाही, विकली नाही, कुणाला हात लावू दिला नाही. गेल्या वर्षी बाबा गेले. घर आवरताना लेकीनं काढली. मामाची म्हणून उराशी धरून नाचली घरभर. आता कळलं, का खोटं बोला म्हणते ते?

दुरुस्तीवाला : कळलं. पण लाकडानं माणूस मरत नाही, ताई. बघूया आपण दोघं मिळून. कूळ कळलं की निम्मी भीती जाते. हे बघा, डोक्यावर चार बारीक भोकं. इथं बिल्ला होता, कुणीतरी उपटलाय.

बाई : बाबांनी. पक्कडीनं. दादा गेला त्याच दिवशी.

दुरुस्तीवाला : बरं. आता ही बटणं पाहा, ओळीनं पाच. बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारखी खालीवर होतात. पुढचा हा पत्रा, त्याला उभ्या रेघा. मानेचं लाकूड बघा, जाड, जिन्याच्या कठड्यासारखं. अमेरिकन दिसायचा हौसेनं केलेला प्रयत्न आहे हा. अंगानं जपानी. मागची पट्टी काढतो, थांबा. हे घ्या, पट्टीवरच कोरलंय, जपान.

बाई : ते लेकीनंही सांगितलं होतं. कंपनी कुठली, ते तिला हवंय.

दुरुस्तीवाला : तिथंच तर घोळ असतो. कारखाना एक, व्यापारी दहा, दहा जणांचे दहा बिल्ले. खरं काय ते मानेखाली सापडतं. चार स्क्रू आहेत… निघाली. इकडे या. या हो, मी आहे ना.

बाई : काय आहे?

दुरुस्तीवाला : शिक्का. एकेचाळीस. त्यांच्या राजाच्या कारकिर्दीचं एकेचाळिसावं वर्ष. म्हणजे एकोणीसशे सहासष्ट. आणि हा बाजूचा कागद, तपासणीचा. सगळी जपानी अक्षरं. बाहेर पाठवायच्या मालावर इंग्रजी असतं. ही बाहेर जायला बनलीच नव्हती. तिकडच्या तिकडे कुणा पोराला विकलेली. इकडे आली कशी?

बाई : जहाजावरच्या एका आचाऱ्याकडून घेतली दादानं. दादा बंदरावर हिशेबनीस होता. पहिल्या पगारात घेतली म्हणून बाबांशी वाजलं. मग रोजच वाजायला लागलं. शेवटच्या दिवशी तर… बाबा म्हणाले, त्या लाकडाबरोबर मर.

दुरुस्तीवाला : बाप रागात बोलतात, ताई.

बाई : हो ना. आणि संध्याकाळी तो मेला. खिडकीत ढेकणांच्या औषधाची बाटली होती. अर्धी. डॉक्टर बाबांच्या ओळखीचे, त्यांनी हृदय लिहून दिलं. पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, एवढंच. बाबांनी त्यानंतर आवाज म्हणून चढवला नाही कधी. भाजीत मीठ नसलं तरी गप खायचे.

दुरुस्तीवाला : हं.

बाई : काय बघताय एवढं?

दुरुस्तीवाला : ही वरची खुंटी बघतोय. तार पिळायची. भिंग द्या, तुमच्या कोपरापाशी आहे.

बाई : घ्या. काय दिसतंय?

दुरुस्तीवाला : खड्डा. धातू वितळलाय. थेंब होऊन गोठलाय, मेणबत्तीचा गोठतो तसा. आणि ही तार, निळी पडलीय. ताई, त्या खिडकीला गज होते का?

बाई : होते.

दुरुस्तीवाला : लोखंडी?

बाई : लोखंडीच. का?

दुरुस्तीवाला : तुमचा भाऊ बसला होता, तेव्हा हिचं डोकं गजाला टेकलेलं होतं का? आठवतंय?

बाई : टेकलेलं होतं. त्याचा एक हातही गजावर होता. मुठीत. बाबांना बोटं सोडवावी लागली. तुम्ही असं का विचारताय?

दुरुस्तीवाला : ही खूण विजेची आहे. मोठी ठिणगी उडाल्याशिवाय धातू असा वितळत नाही. तेव्हाच घरचा फ्यूज उडाला असणार, म्हणून नंतर तुम्हाला कुणाला धक्का बसला नाही. पण गिटारीत वीज नसते, ताई. ही भिंतीला लावतच नाहीत. वीज आली, तर वायरीतून आली. वायर कशाला लावलेली होती? हिच्याबरोबर काही होतं का? आवाजाचा डबा, अँप?

बाई : होता. एक स्पीकरचा डबा. तोही माळ्यावरच निघाला. आचाऱ्यानं दोन्ही एकदमच दिलं होतं.

दुरुस्तीवाला : जपानीच?

बाई : त्यावरही तशीच अक्षरं आहेत. आणि एक लोखंडी ठोकळा, वजनदार. त्यात डब्याची पिन घालायची आणि ठोकळ्याची भिंतीत.

दुरुस्तीवाला : बरोबर. तिकडे वीज शंभरची. इथली त्याच्या दुपटीहून जास्त. तो ठोकळा वीज उतरवतो. पण उतरवतो फक्त, वेगळी करत नाही. आणि त्या काळचे स्वस्तातले डबे… आत एक बोटभर भाग असतो, विजेच्या आणि पत्र्याच्या मध्ये. तो फुटला की पत्र्यात वीज. पत्र्यातून वायरीत, वायरीतून तारांत. पिन चपटी, दोन पायांची, कशीही बसते. एका बाजूनं बसली तर बोटाला जरा चावते, एवढंच. दुसऱ्या बाजूनं बसली आणि माणसानं लोखंडाला हात लावला, नळाला लावला…

बाई : म्हणजे दादानं…

दुरुस्तीवाला : तुमच्या दादानं काही घेतलं नव्हतं, ताई. तो गिटार वाजवत होता, बस.

बाई : थांबा. थांबा. तार चावते म्हणाली होती ती.

दुरुस्तीवाला : कोण?

बाई : लेक. परवा जेवताना. म्हणाली, आई, मामाच्या गिटारीच्या तारा चावतात. मला वाटलं, बोटं सोलली असतील नव्यानं शिकताना. मी हळद लावायला सांगितलं.

दुरुस्तीवाला : तो डबा कुठे आहे आत्ता?

बाई : घरी.

दुरुस्तीवाला : आणि ती?

बाई : घरी! ही मी काढून घेतली म्हणून तिनं मैत्रिणीची आणलीय. आज गाणं रेकॉर्ड करणार आहे. न्हाणीघराच्या दारात बसून. तिथं आवाज घुमतो म्हणे छान. मी सकाळीच फरशी धुतलीय. देवा!

दुरुस्तीवाला : फोन लावा. उभ्या राहू नका, आधी फोन लावा.

बाई : वाजतोय. वाजतोय नुसता. उचलत नाही. रेकॉर्ड करताना फोन मुका करून ठेवते ती. अगं उचल ना गं बाई!

दुरुस्तीवाला : खाली कोणी राहतं? शेजारी?

बाई : खालच्या काकू. मेन स्विच त्यांच्याच दारात आहे. लावते. माझी बोटंच… तुम्ही दाबा हो, ते हिरवं.

(फोन लागतो. दुरुस्तीवाला आवाज मोठा करून तो टेबलावर, उघड्या गिटारीशेजारी ठेवतो.)

शेजारीण : हॅलो? अगं तूच? बरं झालं केलास. वरचं गाणं ऐकून ऐकून माझं डोकं…

बाई : काकू, वाजतंय का? अजून वाजतंय का वर?

शेजारीण : मघापर्यंत वाजत होतं की. आता थांबलंय. गप्प आहे सगळं.

बाई : केव्हापासून?

शेजारीण : आत्ताच. तेच कडवं घोळत होती सारखी, अर्ध्यातच थांबली. काय गं, रडतेस का?

दुरुस्तीवाला : काकू, ऐका माझं. तुमच्या दारातला मेन स्विच खाली ओढा. आत्ता. पायात चप्पल आहे?

शेजारीण : हे कोण बोलतंय? भात लावलाय हो मी विजेच्या शेगडीवर.

बाई : काकू, ओढा! तुमच्या पाया पडते, ओढा!

शेजारीण : ओढते, ओढते. स्टूल कुठं गेलं मेलं… हं. झाला. गेली वीज सगळ्या घराची.

दुरुस्तीवाला : आता वर जा. वायरीला हात लावू नका. पोरीला आधी हाक मारा.

शेजारीण : गुडघ्याचं दुखणं आहे माझं, पण जाते. फोन घेऊनच जाते. अगं ए! ऐकतेस का? दार उघड! उघडत नाही गं.

बाई : ढकला. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं असतं. ढकला!

दुरुस्तीवाला : ताई, श्वास घ्या. माझा हात धरा. घट्ट धरा.

शेजारीण : अगं…

बाई : काय? काकू, काय दिसतंय? बोला काहीतरी!

शेजारीण : अगं, बसलीय की ही. अंधारात तार बदलत. कानात ती गाण्याची बोंडं घालून.

लेक : काय झालं? काकू, वीज तुम्ही घालवलीत? माझं सगळं गेलं! कधीची बसलेय मी, आत्ता कुठे सूर लागला होता. तार तुटली म्हणून थांबले, तर… फोनवर आई आहे? आई, हा काय प्रकार आहे?

दुरुस्तीवाला : बाळ, मी गिटारवाला बोलतोय. आई आहे इथंच, बरी आहे. तू आधी त्या न्हाणीघरापासून लांब हो. लांब झालीस?

लेक : झाले. का?

दुरुस्तीवाला : तो डबा गरम झाला होता?

लेक : हो. वास पण येत होता. जळका. मला वाटलं, जुना आहे म्हणून. आणि आज जास्तच चावत होता. काल पिन उलटी लावली ना मी, आवाज मोठा येतो म्हणून.

दुरुस्तीवाला : बरं. आता मी येईपर्यंत कोणी त्याला शिवायचं नाही. वीजही लावायची नाही. काकूंचा भात राहू दे कच्चा.

शेजारीण : राहू दे, राहू दे. बस गं पोरी माझ्याजवळ. घाम बघ किती आलाय मला.

लेक : आई काही बोलत का नाही? आई, घाबरले मी आता.

बाई : आहे गं. आहे मी. तू बोलत राहा.

लेक : काय बोलू?

बाई : काहीही. भांड माझ्याशी.

लेक : कशावरून?

बाई : बरं, नको. काकूंच्या घरात जाऊन बस. येतेच मी.

दुरुस्तीवाला : पाणी प्या. पूर्ण प्या.

बाई : बाबा सतरा वेळा माळ्याकडे बघायचे. जेवताना, पेपर वाचताना. मला वाटायचं, राग आहे त्यांचा. आपण बोललो म्हणून पोरगा मेला, हे उराशी घेऊन गेला तो माणूस. आणि खरं कारण तिथंच, डोक्यावर दोन हात वर.

दुरुस्तीवाला : त्यांना कोण सांगणार होतं? सगळं पेटीत बंद. चला, मी गाडी काढतो. दुकान ओढून घेतो. ठोकळ्याच्या आणि डब्याच्या पिनांचे आधी पाय तोडतो, मग बाकीचं.

बाई : एक मिनिट. एक फोन करू?

दुरुस्तीवाला : लेकीला?

बाई : नाही. माझी आई आहे अजून, धाकट्या भावाकडे. या वेळी गॅलरीत बसलेली असते.

दुरुस्तीवाला : मी बाहेर थांबतो.

बाई : नको, थांबा इथंच. ती काही विचारेल, तर विजेचं तुम्हीच सांगा. मला नाही जमणार… हॅलो, आई? मी बोलतेय. हो, जेवले. ती पण बरी आहे, सगळे बरे आहेत. तू बसलेली आहेस ना? आई, दादाबद्दल सांगायचंय. नाही, वाईट नाही काही. तू ऐक फक्त.