दोन्ही पिवळेच

(तलासरीला हायवेच्या सर्व्हिस रोडवर मिथुनचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज. रविवारची दिवेलागण. डहाणू रोडचे विष्णू, रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर, वेवजीला मास्तरीण असलेल्या लेकीला भेटून परत चाललेत. वाटेत त्यांनी आपली जुनी कार गॅरेजच्या भिंतीसमोर लावली आहे, बॉनेट उघडं, हेडलाइट चालू. हेडलाइटसाठीची ही त्यांची चौथी फेरी, आणि मिथुनच्या सहनशक्तीची बहुधा शेवटची. बायको जयमाला पुढच्या सीटवर दार उघडं टाकून बसली आहे.)

विष्णू : पांढरे म्हणून दिलेस आणि पिवळे बसवलेस. एवढं कबूल कर, मग पुढचं बोलू.

मिथुन : काका, पांढरेच आहेत. खोका तुमच्यासमोर फोडला होता.

विष्णू : खोक्यावर काहीही छापतात. भिंतीवर उजेड पडलाय तो बघ. हळदीचं पाणी ओतल्यासारखा.

मिथुन : हळद कुठली, काका? माझ्याच्याने बघवत नाही इतका पांढरा आहे. ट्यूबलाइट झक मारेल.

विष्णू : मला शिकवू नकोस. एकतीस वर्षं लाल, पिवळा, हिरवा याच्यावर पगार खाल्लाय मी. पिवळा कशाला म्हणतात ते तू सांगणार मला?

मिथुन : पगाराचं मी काय बोललो? मी बल्बचं बोलतोय. पहिल्यांदा आलात तेव्हा म्हणालात, हॅलोजन गेले, बदल. मी बदलले. मग म्हणालात, जास्त वॉटचे टाक. नको म्हटलं तरी ऐकलं नाहीत. आठ दिवसांत होल्डर वितळला.

विष्णू : होल्डर हलका होता.

मिथुन : तुमच्याच गाडीचा होता. मग एलईडी. मी तेव्हाच सांगितलं, ही काच, ही आतली वाटी, सगळं हॅलोजनच्या मापाने बनवलंय. एलईडीचा उजेड इथे फाकणार, नको तिथे जाणार. त्याच्या पाठीला पंखा, त्याच्यावर मागचं रबर बसेना. दोन तास रबर कापत बसलो. अंगठापण कापला, हा बघा.

जयमाला : बघितला रे बाबा. हळद लाव त्याच्यावर. खरी.

विष्णू : जया, तू मध्ये बोलू नकोस. हे बघ मिथुन, बल्बचं राहू दे. निदान तो स्क्रू फिरव आणि उजेड वर घे. लांबचं काही दिसत नाही, सगळा धुरळा वाटतो.

मिथुन : वर नाही घेणार.

विष्णू : का?

मिथुन : मागच्या रविवारी तुम्ही घरीच फिरवला होता ने? स्क्रूवर ओरखडे आहेत.

विष्णू : फिरवला. माझी गाडी आहे.

मिथुन : त्याच रविवारी संध्याकाळी माझा मेहुणा सुनिल वेवजीच्या रस्त्याने बाईकवर येत होता. समोरून असा उजेड आला की रस्ता कुठे आणि शेत कुठे, त्याला कळेना. बाईक सरळ भाताच्या खाचरात. मागे माझी बहीण बसलेली, बारकी. तिचा हात प्लास्टरमध्ये आहे.

विष्णू : कुठे झालं हे?

मिथुन : शाळेच्या वळणावर. गाडी कुठली होती ते सुनिलने बघितलं नाही. बघणार कसा? मी पण तुम्हाला विचारत नाही. पण स्क्रू वर नाही जाणार, काका. दुसऱ्या कोणाकडूनही करून घ्या, मी नाही करणार.

विष्णू : शाळेच्या वळणावर मला कोणी दिसलं नाही.

जयमाला : अहो, घरी चला.

विष्णू : काम झाल्याशिवाय नाही. याचा आधी सोक्षमोक्ष लागू दे.

मिथुन : बरं, एक विचारू? मघाशी आपण ट्रायल मारून आलो. मी मागे बसलेलो. काकू पूर्ण रस्ताभर बोलत होत्या. "गाय, डावीकडे." "ब्रेकर आला." "ट्रॅक्टर, बत्ती नाही." आणि तुम्ही परत तेच बोलायचे. मला आधी वाटलं, भांडण चाललंय.

विष्णू : ती रेल्वेची शिस्त आहे. इंजिनात आम्ही दोघं असतो, मी आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने तसंच्या तसं परत म्हणायचं. म्हणजे दोघांनी बघितलं याची खात्री. घरच्या गाडीतही मी तीच सवय ठेवलीय.

मिथुन : आधी कोण बोलतं?

विष्णू : ज्याला आधी दिसेल तो. त्यात काय?

मिथुन : काही नाही, सहज. थांबा, तुमचे पहिले बल्ब माझ्याकडे आहेत. त्या बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत.

विष्णू : गेलेले बल्ब कशाला जपून ठेवलेस?

मिथुन : गेलेले नव्हतेच. दोन्ही चालू आहेत. गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. आता असं करतो, डावीकडे तुमचा जुना हॅलोजन लावतो. उजवीकडे एलईडी आहे तसाच. दोन्ही शेजारी शेजारी भिंतीवर पडतील. मग तुम्हीच सांगा, मी फसवलं की नाही.

विष्णू : लाव. होऊन जाऊ दे.

मिथुन : जरा सरका. हां, ती तार सुटली, तिच्या तर... बसला. काकू, बटण फिरवा. बस, बस. बघा आता, काका.

विष्णू : काय बघू?

मिथुन : फरक.

विष्णू : कसला फरक? तू काही बदललंच नाहीस. दोन्ही पिवळेच.

मिथुन : मस्करी करताय का?

विष्णू : मस्करी करणारा माणूस वाटतो मी तुला? डावीकडे पिवळा, उजवीकडे पिवळा, दोन्हीला कडेने तीच धुरकट झालर. नुसतं खुडबुड करून दाखवलंस. महिनाभर खेळवतोयस मला, आणि मी मूर्खासारखा येतोय.

मिथुन : काकू, तुम्ही सांगा.

जयमाला : मला कशाला मध्ये घेतोस रे.

मिथुन : तुम्हाला दिसतंय ना? मग बोला की. इथे मी चोर ठरतोय.

विष्णू : सांग त्याला, जया. सांगून टाक एकदा.

जयमाला : डावीकडचा पिवळा आहे.

विष्णू : ऐकलंस?

जयमाला : उजवीकडचा पांढरा. धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखा.

विष्णू : तू त्याची बाजू घेतेस?

जयमाला : मी कोणाची बाजू घेत नाही. दिवाळीत आपल्या रंगाऱ्याला काय बोललात? पांढरा सांगितला होता, क्रीम का फासलास. तो बिचारा डबा घेऊन तुमच्या मागे मागे फिरत होता.

विष्णू : क्रीमच होता तो.

जयमाला : पांढरा होता हो. सगळ्या आळीला पांढरा दिसतो.

विष्णू : अंधार पडतोय, अशा वेळी कोणाचीही नजर फसते. आणि दिवसभर गाडी चालवून डोळे दमतात.

जयमाला : आत्ता याला सांगितलंत ना, ज्याला आधी दिसेल तो बोलतो म्हणून? मग गेल्या सहा महिन्यांत तुम्ही कधी आधी बोललात, एक सांगा. एकच.

विष्णू : चारोटी नाका. प्रत्येक वेळी मी आधी सांगतो.

जयमाला : तो तुम्हाला पाठ आहे.

विष्णू : माहीत होतं तर आधी का नाही बोललीस?

जयमाला : बोलले असते तर काय केलं असतंत? गाडी काढायचं थांबला नसतात, मला सोबत न्यायचं थांबवलं असतंत. मग शेजारी बसून बोललं कोण असतं? रविवारी माझे पाय दुखत असतात, तरी येते. पोरीला वाटतं, आई किती माया करते, दर आठवड्याला येते. मी तुमच्या डोळ्यांसाठी येते.

विष्णू : मिथुनसमोर बोलायची गोष्ट आहे का ही?

जयमाला : मिथुनच्याच बहिणीचा हात मोडलाय. त्या वळणावर मी "बाईक" म्हटलं. तुम्हीही "बाईक" म्हणालात. मला वाटलं, बघितली. दुसऱ्या क्षणी तो समोरचा दिवा दिसेनासा झाला. वाटलं, वळला असेल कुठेतरी. आठ दिवस मी स्वतःला तेच सांगतेय, वळला असेल.

विष्णू : मला नाही दिसली ती.

जयमाला : हो. ते आता कळलं.

मिथुन : काका, बसा जरा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो. इथे टायरवर बसा. पाणी देऊ?

विष्णू : नको. ही सांगते ते गाडीचं झालं. इंजिनातलं तिला माहीत नाही.

जयमाला : इंजिनातलं काय?

विष्णू : मी ही महिनाभराची रजा घराच्या कामासाठी नाही काढली.

जयमाला : मग?

विष्णू : वाणगावच्या अलीकडे. अनिकेत होता माझ्याबरोबर, असिस्टंट. पोरगा चांगला आहे, आवाज खणखणीत. तो म्हणाला, "पिवळा." मी म्हटलं, "पिवळा." पण मला रंग दिसलाच नव्हता. नुसता उजेडाचा गोळा, कापसासारखा. तो हिरवा म्हणाला असता तर मीही हिरवाच म्हटलं असतं. गाडी आवरली ती त्याच्या शब्दावर. पुढचा सिग्नल लाल होता.

जयमाला : देवा.

विष्णू : काही झालं नाही. गाडी जिथे थांबायची तिथे थांबली. अनिकेतला कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला. आणि घरी आल्यावर आपल्या गाडीचे बल्ब बदलायला काढले.

मिथुन : पण बल्ब कशाला, काका?

विष्णू : बल्बच वाईट निघाला असता तर बरं झालं असतं रे. मला वाटायचं, चांगला उजेड पडला आणि मला नीट दिसलं, म्हणजे मी ठीक आहे. मग रजा संपली की कामावर जायला मोकळा. प्रत्येक वेळी तू नवीन बल्ब लावलास की डहाणूपर्यंत मी स्वतःला सांगत जायचो, आता बरं दिसतंय. घर येईपर्यंत परत तेच. मग तुझा राग यायचा.

मिथुन : माझ्या आईला असंच झालेलं. हिराबाई म्हटलं की आख्खी तलासरी ओळखते तिला. ती म्हणायची, तांदळात पिवळेपणा आलाय, दुकानदार फसवतो. तीन दुकानं बदलली. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन करून आतलं भिंग बदललं. आता मला लांबून बघून सांगते, शर्टाचं बटण तुटलंय.

विष्णू : तुझ्या आईला मालगाडी चालवायची नाही.

मिथुन : नाही, ते बराबर आहे.

विष्णू : ऑपरेशननंतर इंजिनावर परत बसवतील की नाही, ते रेल्वेचे डॉक्टर ठरवतील. नाही बसवलं तर ऑफिसात टेबल देतील. कागद सरकवायचे. तीन वर्षं राहिलीत माझी. शेवटची गाडी मी आणणार, घरचे सगळे डहाणू रोडच्या फलाटावर हार घेऊन उभे राहणार, असं ठरवलं होतं मी. पोरीला, श्रुतिकाला सांगूनही ठेवलंय.

जयमाला : हार टेबलापाशी आणू.

विष्णू : थट्टा करू नकोस.

जयमाला : थट्टा नाही करत. मला तुम्ही घरी यायला हवे आहात. हार कुठे घालायचा ते नंतर बघू.

विष्णू : उद्या रजा संपतेय, पण मी कामावर जाणार नाही. सरळ आमच्या डॉक्टरकडे जातो आणि सांगतो, माझी तपासणी करा. सिग्नलचंही सांगतो. अनिकेतचं नाव नको यायला, त्याची काही चूक नाही.

जयमाला : मी येते बरोबर.

विष्णू : ये.

मिथुन : मग एलईडी काढू?

विष्णू : काढ. दोन्हीकडे जुने घाल. स्क्रू होता तिथे आण, त्याहून थोडा खालीच ठेव. आणि मिथुन, बारकीकडे जायचंय मला. आत्ता ने.

मिथुन : आत्ता नको. ऑपरेशन होऊ दे, मग या. तिचं तोंड नीट दिसलं पाहिजे ने तुम्हाला.

विष्णू : ती काय म्हणेल?

मिथुन : शिव्या देईल. वारलीत देईल, तुम्हाला निम्म्या कळतील. मी पण सुनिलला आज सांगणार आहे, गाडी कुणाची होती ते. लपवणार नाही.

विष्णू : सांग. माझा नंबरही दे.

मिथुन : हं, झालं. बॉनेट पाडतो. चावी माझ्याकडे द्या, मी सोडतो घरी. येताना एखादा टेम्पो मिळेल मला. काकू, तुम्ही मागे बसा, काकांना पुढे बसू द्या.

जयमाला : सहा महिन्यांनी मागे बसतेय. पाय लांब करून झोपते आता.

विष्णू : बेल्ट लाव, मिथुन. आणि बोलत चल.

मिथुन : काय बोलू?

विष्णू : दिसेल ते.

मिथुन : बरं. ट्रक, डावीकडे, उभा आहे.

विष्णू : ट्रक, डावीकडे, उभा.

मिथुन : पेट्रोल पंप.

जयमाला : तो नको सांगूस रे. तो काही रस्त्यात येत नाही.

विष्णू : (बऱ्याच वेळाने) चारोटी आली. उजवीकडे वळायचंय.

मिथुन : हो आली, आत्ता बोर्ड दिसला. तुम्ही माझ्या आधी बोललात, काका.

विष्णू : पाठ आहे मला. पुढचं बोल.

मिथुन : रस्ता मोकळा. समोरून एक गाडी येतेय. च्यायला, एलईडी टाकलेत आणि वर करून ठेवलेत, थेट डोळ्यांत मारतोय. अक्कल नाही लोकांना. मी पण मारू का फुल लाइट, कळू दे त्याला?

विष्णू : नको. दिसत नसेल त्याला. तू आपला लाइट खालीच ठेव आणि त्याला बाजूने जाऊ दे.