माएदाबाई कोणत्या शाळेच्या?

अहो, शनिवारी दुपारी माणसानं जरा आडवं व्हायचं की नाही? तुम्हीच सांगा! जेवणं झालेली, भांडी पालथी घातलेली, हे सोफ्यावर घोरतायत, मी उशीला डोकं टेकवते न टेकवते तोच समोरच्या शाळेतून... मधे फक्त सायकली लावायची जागा हो... पोरांचा असा गिल्ला सुरू होतो की गॅलरीतली कोथिंबीरसुद्धा दचकते! जपानात, हं! जिथे शेजारी शिंकला तरी माफी मागतो! आता आपल्याला काय करायचंय म्हणा... पण हा गोंधळ सुरू कसा झाला ते ऐका, म्हणजे तुम्हीच म्हणाल, प्रभावतीकाकू, तक्रार करा!

तर आम्ही डोंबिवलीचे, पण ह्यांची नोकरी कोबेला मोत्यांच्या पेढीवर, त्यामुळे माझं जपानी सगळं भाजीवालीकडून अन् मासळीवाल्याकडून शिकलेलं. पुढे पेढीनं तोक्योला ऑफिस काढलं अन् आम्ही इकडे तोझाई रेल्वेलाइनवर आलो. गावाचं नाव नाही सांगत, उगाच कोणाला लागायला नको. अन् बघता बघता सगळी बिल्डिंग पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्यांनी भरली! प्लॅस्टिकचा कचरा कधी? विचारा काकूंना. दाताचा डॉक्टर कुठला? विचारा काकूंना. काकू अकरावी नापास, अन् ही सगळी इंजिनियर मंडळी!

वरच्या मजल्यावर अनुप-अनघा आले. मुलगी नुपूर, समोरच्याच शाळेत दुसरीत. घरात एवढी बडबडी की माझ्या फ्रीजमधल्या एकेका डब्याची चौकशी करणार, अन् शाळेत गेली की मुकी! एक शब्द नाही! वर्गातल्या बाई आपल्या कौतुकानं सांगतात, "नुपूर-चान किती शांत आहे हो!" शांत? अहो, घाबरलंय ते पोर! एकदा अनघा जिन्यातच रडायला लागली. "काकू, मार्चपर्यंत बघते. नाही बोलली तर मी तिला घेऊन पुण्याला आईकडे जाते. अनुप राहू दे इथं एकटा." म्हणजे नवरा इथं इस्त्री करणार अन् बायको तिथं फोनची वाट बघणार... ह्याला संसार म्हणायचं? आपल्याला काय करायचंय म्हणा, पण मी तशीच चपला घालून गेले शिक्षण मंडळात!

तिथले साहेब होम्मा-सान. आमचे जुने संबंध, भांडणाचे. शाळेची घंटा मोठी वाजते, भांडायला होम्मा-सान. पोरांच्या टोप्या उन्हाला पुरत नाहीत, होम्मा-सान. अन् त्यांची एक सवय, काही मागितलं की दातांमधून वारा ओढून घेतात... "स्स्स्स..." सायकलची हवा उलटी चालल्यासारखी! मी म्हटलं, परदेशी मुलांना जपानी शिकवणाऱ्या तुमच्या माएदाबाई आमच्या शाळेत फक्त मंगळवारी का येतात? रोज पाठवा! "स्स्स्स... काकू-सान, बाई एक, शाळा पुष्कळ. वाटून द्यावं लागतं. रोज द्यायचा आधीचा दाखला नाही." दाखला नाही! नेहमीचंच! आले परत.

आणि त्याच सुमारास बरं का, सरकारनं नवीन टूम काढली. शाळा सरकारीच, पण कारभार शाळेचा शाळेनं बघायचा, गावातली माणसं घेऊन समिती करायची, शिक्षक कसे हवेत तेही समितीनं सांगायचं अन् मंडळानं ते मानायचं. हेडमास्तर कुराता-सान माझ्या दारात कमरेत वाकून उभे! "परदेशी पालकांच्या वतीनं आपण या." मी म्हटलं, मला कुठलं काय कळतंय... अन् लगेच कपाटातली चांगली साडी काढली.

आता इथली मीटिंग म्हणजे काय सांगू तुम्हाला! सगळं आधीच ठरलेलं असतं हो! कोण कोणाला जाऊन भेटतं, कधी ठरतं, देव जाणे. मीटिंगमधे आपलं चहा प्यायचा, अन् अध्यक्ष विचारतात, "कोणाची हरकत?" तर सगळ्यांनी "नाही" म्हणून मान डोलवायची अन् घरी जायचं. मला काय ठाऊक! मला सोसायटीच्या मीटिंगची सवय, जिथे हरकत नसेल तर माणूस येतोच कशाला? त्यांनी विचारलं, "कोणाची हरकत?" मी उभी राहिले. "आहे!"

अहो, भिंतीवरचं घड्याळसुद्धा ओशाळलं! अध्यक्षांनी कागद उलटून बघितला, मागच्या बाजूला काही लिहिलंय का... कुराता-सान छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, आमच्याकडं मुकी झालेली मुलं आहेत, माएदाबाई रोज पाहिजेत, इथंच! आता हरकत आल्यावर तिचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून घाबरून मंजूर झालं! मंडळाला कळवलं, मंडळानं मानलं. होम्मा-सानांनी एवढा वारा ओढला म्हणतात की टेबलावरचे कागद हलले.

माएदाबाई रोज यायला लागल्या. आणि तुम्हाला सांगते, ऐन थंडीत एक दिवस सकाळी मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरते, तर मागून खणखणीत जपानीत, "काकू, दामे! नाही चालणार! आज बाटल्यांचा दिवस आहे!" वळून बघते तर नुपूर! शाळेच्या मैत्रिणींच्या घोळक्यात, कमरेवर हात! चारचौघांत माझा पाणउतारा, अन् मी तिथंच पिशवी टाकून तिचे मुके घेतेय! अनघानं पुण्याला फोन केला... "आई, नाही येत गं आम्ही."

झालं, संपलं म्हणाल ना? कसलं संपतंय! त्याच संध्याकाळी, ह्याच पुणेकर मंडळींतल्या स्वप्निलच्या बायकोचा, कल्पनाचा फोन. नदीपलीकडच्या शाळेत त्यांची कस्तुरी. "काकू, तुमच्या शाळेनं आमच्या बाई पळवल्या! कस्तुरी परत गप्प झाली!" फोन ठेवला तर दारात होम्मा-सान, हातात बिस्किटांचा डबा. चहा घेतला, मग म्हणाले, "काकू-सान, पूर्वी सगळे माझ्याशी भांडायचे, मी थोडं थोडं वाटून द्यायचो. कोणीच खूष नसायचं, पण प्रत्येकाला मंगळवार नाहीतर बुधवार मिळायचा. आता प्रत्येक शाळा आपापली राजा. नदीपलीकडची शाळाही समिती काढतेय, तीही माएदाबाईंनाच मागणार. मी काय करू? मी आता नुसता निरोप पोचवणारा." अन् ओठ एवढे मिटलेले... वाराही ओढला नाही हो त्यांनी! मला कसंतरीच झालं. आपल्याला काय करायचंय म्हणा... पण कस्तुरीही आपलीच ना?

पुढच्या मीटिंगला अध्यक्षांनी "कोणाची..." एवढंच म्हटलं अन् सगळी समिती माझ्याकडे वळून बसली! "आहे," म्हटलं. "मागच्या ठरावाला. माझ्याच!" दोन्ही शाळांच्या लोकांना एका टेबलाशी बसवलं, मधे बटाटेवडे ठेवले, अन् वाटायचं काम पुन्हा होम्मा-सानांच्या हातात दिलं. त्यांनी वडा खाल्ला, डोळ्यांत पाणी, मिरचीचं की कशाचं कोण जाणे, अन् वाटले दिवस. उरलेलं शिकवणं शनिवारी. दुपारी सगळ्या शाळांची मुलं एकत्र, आमच्याच शाळेत, अन् दार उघडायला होम्मा-सान स्वतः! कस्तुरीला शिकवायला पुढे कोण? आमच्या नुपूरबाई! ओरडून ओरडून!

तर तो हा गिल्ला! मग माझ्या झोपेचं काय? गेल्या शनिवारी उठले अन् गेले तक्रार करायला. कुराता-सान म्हणाले, समितीकडे द्या. अध्यक्ष म्हणाले, शनिवारचं सगळं प्रभावती-सानांकडे. राहता राहिलं कोण? माझं हक्काचं माणूस! गेले दाराशी उभ्या होम्मा-सानांकडे. "भयंकर आवाज होतो, काहीतरी करा!"

त्यांनी मोठ्ठा वारा ओढला, "स्स्स्स..." अन् इतक्या वर्षांत पहिल्यांदा खदखदून हसले. "काकू-सान, ह्याला मात्र दाखला आहे! शाळेची तक्रार शाळेच्या समितीकडे. म्हणजे तुमच्याकडे."

मग काय करता! घरी आले, दोन कप चहा केला, खिडकीशी बसून माझी तक्रार मीच ऐकून घेतली, अन् वारा ओढून मलाच सांगितलं... "स्स्स्स... प्रभावतीबाई, रविवारी झोपा!"