विशाखाची वेणी

(सिडकोतला फ्लॅट, रविवारची सकाळ. बाथरूमचं दार आतून बंद.)

बानाबाई : शाले, पोटच्या पोरीची वेणी बुडातून कातरलीस?

शालू : उवा झाल्या व्हत्या.

बानाबाई : खोटं नको बोलू. रोज मीच फणी करते तिची. एक लीख नाय.

शालू : माझ्या डोक्यातबी नव्हती, माय. तरी कातरलंस. तेबी मेंढराच्या कातरीनं.

बानाबाई : तीस वर्सांमागलं काय उकरती!

शालू : वर्गातल्या पोरी 'में में' करीत मागं लागायच्या. तुला सांगितलं, तर तीच कातर पाठीत घातलीस.

बानाबाई : दीडशे मेंढरं व्हती माझ्यामागं. वेण्या घालीत बसू का?

शालू : धाकट्या सोमनाथला मात्र खांद्यावर घेऊन हिंडलीस. मला घरात कोंडून, बाहेरून कडी. दोन-दोन दिस शिळ्या भाकरीवर.

बानाबाई : तो अंगावर पीत व्हता.

शालू : अन् मी सात वर्सांची व्हते!

बानाबाई : चुकलं बाई. म्हणून तर नातीचं करते ना?

शालू : तेच तर सोसत नाय मला! तिच्यासाठी खोबरेल कोमट करती, गुलमंडीतून रिबिनी आणती, 'माझी राणी, माझी राणी'. मी ओट्यापाशी उभी राहून बघते. हे म्हणतात, सासूबाई किती जीव लावतात. पोटच्या पोरीवर जळते मी. हाय का अशी बाई दुसरी कुठं?

बानाबाई : मग मला हाणायचं व्हतं. तिनं काय घोडं मारलं तुझं?

शालू : आज वेणी घालाया बसले, तर म्हणती, 'आई, तुला नाही जमत, आजीच छान घालते.' हातात कातरी कवा आली, कळलंच नाय.

बानाबाई : कान कापलाय तिचा.

शालू : हलली ती. मी म्हणलं, हलू नको रांडे.

बानाबाई : शाले...

शालू : तुझाच आवाज निघाला, माय. हुबेहूब.

बानाबाई : ये, बस इथं. तेल लावते तुझ्या डोक्याला.

शालू : हात लावू नको! लागत व्हतं तवा कुठं गेली व्हतीस? विशा, ए विशा, दार उघड बाळा. कानाला मलम लावते.

विशाखा : आजी आहे का तिथे?

शालू : हाय ना. मीबी हाय.

विशाखा : मग तू आधी खाली गेटपाशी जा. मग उघडते.