पाय समोर, डोस्कं मांगं

नाई नाई, बसा ना — बसा, पन अशे बाजूले नोका बसू, समोर बसा, त्या खांबाजवळ. मले मान फिरवता येत नाई, मनक्याचं दुखनं हाय. हा थांबा एसटीचा हाय, माह्या बापाचा नाई, कोनीबी बसा. पन एक सांगा — तुमी विचारलं कावून नाई? काय म्हन्जे काय? हे! हे लिंबाले टेकवून ठेवलं हाय ते! जो भेटते तो पयले हेच विचारते — भाऊ, हे काय हाय, सायकल हाय का बाज हाय, लेटून कायले चालवता, सरकारनं देल्ली का? आजपरेंत असा एक मानूस नाई भेटला ज्यानं नाई विचारलं. अन् तुमी आले, गाडी लावली, हेल्मेट काढलं, रुमालानं तोंड पुसलं, अन् म्हने 'ऊन लय हाय.' अरे, ऊन तं आपल्या वऱ्हाडात रोजच हाय. ऊन पाह्याले थांबले का तुमी इथी?

पेपरवाले तं नाई ना? खरं सांगा, मी रागावत नाई. ते शेतकऱ्यायचं पॅकेज जाहीर झालं तवापासून मुंबईच्या गाड्या, दिल्लीच्या गाड्या, कोनी सर्वेवाला, कोनी क्यामेरावाला — अन् विचारतात कसे, 'तुमच्या घरी कोनी गेलं का?' जसं काई घरी मिक्सर हाय का म्हनून विचारून रायले. माह्याघरी बी आला होता एक. मी तवा दवाखान्यात. तो आशाबाईले म्हने — आशाबाई म्हन्जे आमची मंडळी — तिले म्हने, 'ताई, जरा विहिरीच्या काठावर उभ्या राहा, पदर घ्या डोक्यावरून.' अन् ते बी रायली उभी! तिले वाटलं दवाखान्याचा मानूस हाय, काई कामाचंच सांगत असन. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, खाली लिहिलं — पंजाबराव नावाचा शेतकरी मरता मरता वाचला. आता मी सांगतो तुमाले, मी पडलो. घसरलो! मोटरच्या पाइपाच्या बुडचा फुटवॉल कचऱ्यानं चोक झाला होता, तो काढाले विहिरीत उतरलो, दगडावर शेवाळ, पाय सटकला, मनका पाइपावर आदळला. बस, येवढीच गोष्ट. पन ह्या सालात वऱ्हाडातला मानूस विहिरीत पडला म्हनलं तं कोनी मानते का? कोनीच मानत नाई. मांजर पडली तं मानतात.

घरी काय झालं मंग? दवाखान्यातून आलो तं फवाऱ्याच्या औषधाच्या बाटल्या गायब. आशाबाई म्हने, शेजारच्या महादेवरावच्या कोठ्यात ठेवल्या, आपल्या घरी उंदरं लय झाले. आता उंदरं कधीपासून फवाऱ्याचं औषध प्याले लागले? बैलाचे दोर गायब — बैल निरे मोकळे! दाढीचं पातं गायब. रात्री पानी प्याले उठलो तं ते जागी. मी विचारलं, कावून जागी हायस? म्हने, मच्छर चावून रायले. मले सगळं समजते, मी फक्त बोलत नाई.

बरं, हे बी जाऊ द्या. घरातलं घरात. पन माही चंदा — येकुलती पोरगी हाय माही, चांदूर बाजारले देल्ली, जवाई नितेश, मानूस चांगला हाय — तिले सातवा सरून गेला. पयलं बाळंतपन. पयलं बाळंतपन माहेरीच होते का नाई, सांगा? तुमच्यात बी असंच असन. आमी बोलावनं धाडलं, तं इवाई खुशालराव, नितेशचा बाप, म्हनतात, 'तुमच्याकडलं वातावरन सध्या बरं नाई, पोरीच्या मनावर परिनाम होईन, राहू द्या इथीच.' वातावरन! माह्या घराचं वातावरन! त्यायनं तो फोटो पाह्यला ना पेपरातला. आशाबाई दोन दिवस जेवली नाई. बाळंतिनीसाठी बाज विनून ठेवली होती तिनं, ते उभी करून ठेवली भिताडाले. म्हून आज निघालो. एकटा. माह्या दोन पायानं चांदूरले जातो, खुशालरावच्या वट्ट्यासमोर उभा रायतो, म्हनतो, पाहा इवाई, पाहा मले वरून खालपरेंत — हाय का काई? पोरगी द्या. ते एसटीनं येईन नितेशसंग, मी ह्याच्यावर.

ह्याच्यावर म्हन्जे — हे अन्सारभाईनं बनवलं. वलगावले वेल्डिंगचं दुकान हाय त्याचं. तुमाले ते सांगाची गरज हाय का नाई, ते मी मंग पाह्यतो. अमरावतीच्या डॉक्टरनं सांगतलं होतं, सायकलच्या सीटवर बसाचं नाई, मोटरसायकल तं नाईच नाई, धक्के चालत नाई. म्हन्जे घरी बसा, बाटल्या मोजा — त्या बी नाई! अन् अन्सार मोझरीले गेला होता, गुरुकुंज आश्रमात, फाटकाच्या वेल्डिंगले. तिथी एक गोरा उतरला होता, असाच लेटून सायकल चालवत दुनिया फिरून रायला होता. अन्सारनं फाटक सोडून देलं अन् सुतळीनं त्याची सायकल मोजून आनली. चार ठिकानचे पाइप, जुन्या सायकलीच्या चैनी जोडून एक लांब चैन, समोरचं चाक पोट्ट्यायच्या सायकलीचं, अन् पाठीले बाजीची नवार. एक पैसा नाई घेतला. कावून नाई घेतला? सख्ख्या भावाच्या खिडकीची जाळी बनवली तं त्याचे घेतले होते त्यानं. माह्याच्यानं नाई घेतले. म्या मनात म्हनलं, पंजाबराव, ह्याच्यात काई तरी हाय.

अन् पयल्या दिवशी काय तमाशा झाला, सांगतो. अंगनातून निघालो — पाय समोर, डोस्कं मांगं, आडवा — अन् आशाबाई अशी किंचाळली का महादेवराव हातातला लोटा टाकून धावत आले. तिचंबी काय चुकलं? आपल्यात पाय समोर करून घराच्या बाहेर कोन निघते? चौघायच्या खांद्यावरचा! तवापासून तिनं कायदाच केला. सायकल उलटी कराची, ढकलत ढकलत फाटकाबाहेर काढाची, डोस्कं पयले, पाय मांगून, अन् रस्त्यावर गेलं का मंग फिरवाची. म्या म्हनलं, अवं मी उतरून हातानं बाहेर काढतो ना, तं नाई म्हने, लेटा तुमी. उलटंच काढते, म्हन्जे पक्कं होते. रोज सकाळी मी लेटलेला, अन् बायको मले उलटा वढून रायली, अन् गल्ली पाहून रायली. हासता काय? हासा. मी बी हासलो होतो. ते नाई हासली.

रस्त्यावर तं विचारूच नोका. एक बुढा शेताच्या धुऱ्यावर उभा होता, त्यानं मले लांबून पाह्यलं — आडवा मानूस, खांदा देनारा कोनी नाई, अन् तरी सरकत येऊन रायला. बुढ्यानं टोपी काढली, हात जोडले. म्या म्हनलं, 'रामराम बाप्पा!' बुढा निरा तुरीत घुसला!

शिकलो मी जिनिंगच्या पटांगनात. कापूस सरला का ते रिकामंच असते. तुमाले वाटन लेटून चालवनं सोपं हाय. नाई बाप्पा. पयला पायडल जोरानं नाई मारला तं हे गपकन लोळते, अन् चाकाकडं पाह्यलं का गेलेच तुमी खाली. दूर पाह्याचं, मान टेकवाची, हँडल चिमटीत धराचं. अन्सार मांगून पाइप धरून धावे अन् बोंबले — 'पंजाबराव, बदन ढीला छोडो! अंग सोडा, अंग! ताठले का पडले!' आता दुनियेतली लेकरं सायकल शिकताना काय म्हनतात? सोडू नोको, सोडू नोको. मी काय म्हनत होतो? सोड! सोड ना बावा! तो म्हने, 'सोडलं.' मी म्हनलं, लबाड हायस, सोडलं असतं तं तुहा आवाज दूरून आला असता, हा तं कानाजवळून येऊन रायला. मान वळवाले गेलो अन् धपकन पडलो. म्हनलं, आरसा लाव मले एक, मांगं कोन हाय ते दिसन. तं म्हने, 'पुढच्या जुम्म्याले लावतो.' लय जुम्मे झाले. आरसा काई लागला नाई. भल्ला मोठा वेल्डर तो, त्याले एक आरसा लागत नाई?

आता तुमच्यावर येतो. तुमी वलगावच्या चौकात पानठेल्यावर उभे होते. मी निघालो तवा. नाई म्हनू नोका — पांढरा रुमाल, लाल गाडी. गाडीवर अकोल्याचा नंबर. अकोल्याचा मानूस चांदूरच्या रस्त्यावर इतक्या हळू गाडी चालवते? माह्या मांगं? मी पायडल मारून रायलो, आडवा, अन् मोटरसायकलचा आवाज मांगूनच येते, माह्या समोर निघत नाई! अन् अन्सारची बायको गजाला कुठली? अकोल्याची. तिचा एक भाऊ हाय, शाकीब, असं म्या ऐकलं हाय, पाह्यला नाई कधी. ओळखीचा मानूस मी ओळखला असता, म्हून बिनओळखीचा धाडला. अन्सारनं धाडलं का आशाबाईनं? ... दोघायनं मिळून? बोला ना. राहू द्या, समजलं. पायाच्या अंगठ्यानं माती उकरून रायले तुमी.

हे पाहा शाकीबभाई, तुमचा काई दोष नाई. पन वापस जा. चांदूरले खुशालराव वट्ट्यावर बसून असन. मी पोचलो अन् मांगं राखन्या मानूस दिसला, तं तो काय म्हनन? म्हनन, पाहा, घरच्यायचाच भरोसा नाई ह्याच्यावर, अन् आमी ह्याच्या घरी पोरगी पाठवाची! मंग संपलं. चंदा काई येत नाई. म्हून म्हनतो, सगळ्यायनं मले जरासं सोडलं पाह्यजे. अंग सोडा, अंग सोडा करून अन्सारनं डोस्कं खाल्लं माहं — म्या त्याले म्हनलं, बावा, अंग सोडाचं मले नोको शिकवू, ते मले येते, विहिरीत मी तं —

नाई. काई नाई. ऊन लय हाय.

घसरलोच होतो. ते खोटं नाई, चंदाची आन. शेवाळच होतं. पन पाइप हाताजवळ होता. इतका जवळ, हा खांब हाय तितका. अन् म्या तो धरला नाई. मनका दुखत नोयता अजून, पानी थंड होतं, वर आभाळ ताटलीयेवढं, अन् कोनी काई विचारत नोयतं — पाऊस कवा, भाव काय, बोंडअळी किती — कोनीच नाई. अंग सोडलं म्या. चांगलं वाटलं. हेच सांगता येत नाई कोनाले, का चांगलं वाटलं. अन् वरून आशाबाईचा आवाज — 'आवो, झालं का? मोटर चालू करू का?' तिले काय मालूम मी पान्यात हाव! अन् त्या मोटरची वायर पान्याजवळ उघडी, मीच पट्टी मारतो मारतो म्हनून रायलो होतो. तिनं बटन दाबलं असतं ना — तिच्या हातानं — जिंदगीभर तिले — अन् मी असा बोंबललो, 'थांब!' बोंबलता बोंबलता पाइप कवा धरला, मले बी नाई मालूम.

हे कोनाले सांगतलं नाई म्या. तिले तं नाईच. ते अजून म्हनते, म्या आवाज देल्ला म्हून तुमी सापडले. तुमाले कावून सांगतलं मंग? ओळख ना पाळख. तुमच्यासारखा मुका मानूस भेटला का असंच होते. तुमी पेपरवाल्याहून वाईट हा.

चला, उठा. मले धरू नोका, उठतो मी. अन् जा तुमी वापस, वलगावले जाऊन सांगा — नाई, थांबा. ऐका. समोर नदीचा पूल हाय. कठडा तुटला हाय त्याचा. तिथपरेंत — पुलावर जवळून या. एकदम जवळून. मंग दूर व्हा, अन् चांदूरच्या अलीकडं एखादं झाड पाहून थांबा, गावात नोका येऊ. चंदाले पाठवलं तं मी हासतच येतो. नाई पाठवलं, तं तुमी झाडाखाली पाह्यजे, समजलं? गाडी लावून झोपू नोका.

आता हात काढा तो सायकलीच्या पाइपावरचा. काढा म्हनतो ना. मी माह्या मनानं निघतो.