चार आहेत तं चारही फिरले पाहिजे

...अन् वरून तो टायरवाला चंपतराव मलेच विचारते, "साहेब, तुम्ही टायर चालवता का किसता?" आता तुम्हीच सांगा, गाडी घेऊन सहा महिने नाही झाले, टायर कोरे करकरीत टाकलेले, अन् त्यावर हात फिरवला तं एकीकडून गुळगुळीत अन् उलटीकडून करवतीचे दात... यात माहा काय दोष? मी काय रोज सकाळी टायर किसून कोशिंबीर करतो?

गाडी काही साधी नाही बाप्पा. फोर बाय फोर. सेकंडहॅन्ड आहे, पण चढायले पाय असा वर उचलावा लागते. अन् माह्या शौकासाठी नाही घेतली, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमची अस्मिता, म्हणजे मिसेस, आमच्या सगळ्या हुडकेश्वर वस्तीले उलटंच सांगून राहिली. गाडी घेतली सासूबाईच्या डोळ्यासाठी. जिजाबाई, राहते कुहीच्या पुढं, डांबरी सडकेपासून दोन किलोमीटर आत, मधात नुसती पांदण, म्हणजे शेतातली गाडीवाट, काळ्या मातीची. दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. मागच्या श्रावणात नागपुरात ऑपरेशनची तारीख मिळाली, अन् नेमका त्या दिवशी पांदणीत गुडघाभर चिखल. ऑटोवाला सडकेवरूनच वापस गेला, बैलगाडीचं चाक निखळलं, तारीख हुकली.  म्हातारी संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाली, "जाऊ द्या जवाईबापू, दिसते अजून अंधुक-अंधुक." मले लय लागलं ते, खरंच सांगतो. तेव्हाच ठरवलं, पुढच्या श्रावणात म्हातारी पांदणीतून निघंल तं माह्याच गाडीतून निघंल.

तं अशी गाडी आली. त्यात गिअरच्या बाजूले एक छोटी दांडी. विकणारा म्हणे, "ही दांडी पुढं टाकली की चारही चाकं ओढते, मांगं घेतली की मांगचीच दोन." त्याच्यापुढंही तो काहीतरी बोलला, कधी टाकायची, कधी नाही... पण मी तिथंच अडकलो ना. दोनच? म्हणजे दोन चाकं काम करणार, अन् दोन नुसते सोबत फिरणार? तुम्हाले सांगतो, मी सव्वीस वर्षं ऑफिसात हेच पाहून राहिलो. आमच्या टेबलाले चार जण. काम दोघं करते, दोघं चहाले सोबत फिरते. ऑफिसात माहं चालत नाही, मान्य. पण माह्या स्वतःच्या गाडीत? म्हटलं, चार आहेत तं चारही फिरले पाहिजे! टाकली दांडी पुढं. सिमेंटच्या गुळगुळीत रोडवर, खड्डा नाही, चिखल नाही, भाजी आणायले निघालो, पण चारही कामावर.

अन् गाडी वळेना.

म्हणजे सरळ जाते मस्त. पण आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर स्टेअरिंग फिरवलं की खालून किर्रर्र... मग एक धक्का, मग उडी, जसं काही कोणी मांगून पदर धरला. स्टेअरिंग फिरवता फिरवता माह्या खांद्यातून कटकट आवाज यायले लागला. यू टर्न म्हणसान तं तीन तुकड्यात. मागचे हॉर्न वाजवते, अस्मिता खिडकीबाहेर पाहते, म्हणजे ती माह्यासोबत नाहीच.

आता दुरुस्ती. शेजारी मनोहरराव, खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर झालेले. त्याईचं म्हणणं असं की ज्या माणसानं तीस वर्षं टर्बाइनचा आवाज ऐकला, त्याले गाडी पाहायची गरजच नाही. डोळे मिटून बोनेटले कान लावला. पाच मिनिटं. मले वाटलं झोपले. मग हळूच म्हणते, "मधुसूदन, बेअरिंग." बदललं बेअरिंग. किर्रर्र. मग चंपतराव. त्यानं अंगठा दाबला, म्हणे हवा जास्त आहे. काढली. चार दिवसांनी तोच अंगठा, तेच टायर, म्हणे हवा कमी आहे. भरली. मग पुढचे टायर मांगं, मांगचे पुढं, डावे उजवीकडं... किर्रर्र. मग मी गेलो अलाइनमेंटवाल्याकडं. तिथं कॉम्प्युटर. सगळे आकडे हिरवे. पोरगं स्वतः गाडी घेऊन एक चक्कर मारून आलं, एका हातानं वळवत, दुसऱ्या हातात फोन. म्हणे, "काका, गाडीत काही नाही." मग कशात आहे? तं माह्याकडं पाहून राहिलं.

आता इथं एक छोटीशी गोष्ट सांगायची राहिली. गाडी दुसऱ्याच्या हाती देताना मी ती दांडी मांगं घेऊन घेत होतो. काहून म्हणजे? आपली चारही चाकं परक्यानं काहून वापरायची? त्याच्यासाठी दोन पुरे. अन् गाडी हातात आली की, चार आहेत तं चारही फिरले पाहिजे! झालं, दांडी पुढं. म्हणून गाडी त्याच्या हाती शहाणी, अन् माह्या हाती आली की वेडी. हे मले आता समजते. तेव्हा मी त्या कॉम्प्युटरवरच संशय घेऊन राहिलो होतो.

अस्मितानं शेवटी सांगितलं, "अहो, श्रावणात आईची तारीख आहे. ही गाडी चौकात वळत नाही, ती पांदणीत काय करंल? एक महिना देते. सुधारली नाही तं विका. आईची तारीख हुकली ना यंदा, तं डोळा जाईल तिचा."  बरोबरच बोलून राहिली होती.

एप्रिलात सासूबाई तपासणीले आल्या. पांदण सुकलेली, काही प्रश्न नाही. पुढच्या सीटवर बसल्या, धड दिसत नाही, गाडीचे धक्के नुसते अंगावर घेऊन राहिल्या. आमच्या गल्लीचं वळण आलं. किर्रर्र, धक्का, उडी.

"जवाईबापू, थांबवा गाडी."

थांबवली.

"तुमचा आतला बैल नाही थांबून राह्यला."

सासूबाईले मी मामीच म्हणतो; म्हटलं, मामी, गाडीत बैल नाही. तं म्हणे, "वळणावर गाडी न्यायची म्हणजे आतल्या बैलानं हळू व्हावं लागते, बाहेरच्यानं जास्त चालावं लागते. दोघाईच्या पायाले एकच दोरी बांधली तं कोण वळंल? घासत जाईल. तुम्ही कोणाले कोणाशी बांधलं?" अन् हात लांब करून चाचपत चाचपत नेमका त्या दांडीवर ठेवला. "हे काय थरथरून राह्यलं?"

मले सांगावंच लागलं. टेबलावरचे चौघं, चहा, सगळं सांगितलं.  म्हणे, "चिखल आहे का इथं?" नाही. "मंग सोडा एकाले."

दांडी मांगं घेतली. गाडी वळली. एका झटक्यात, आवाज नाही, काही नाही. अस्मिता मागच्या सीटवर हसायले लागली ते पार दवाखान्याच्या गेटपर्यंत. बेअरिंग, हवा, कॉम्प्युटर... अन् म्हातारीनं धुक्यातून पाहून सांगितलं. मी तिथंच अस्मितासमोर शपथ घेतली, पुन्हा त्या दांडीले हात लावणार नाही.

आता आला श्रावण. तारीख बुधवारची, अकरा वाजताची. मी सहालेच निघालो. पांदणीत शिरलो अन् अर्ध्यात गाडी बसली. मांगची दोन चाकं चिखल उडवून राहिली, पुढची दोन आमच्या ऑफिसातल्यासारखी निवांत पाहून राहिली. दांडी माह्या हाताजवळ. पण शपथ म्हणजे शपथ! घड्याळात आठ. साडेआठ. माह्या डोळ्यापुढं मागचा श्रावण... सांगतो ना, रडायलेच आलो होतो.

तेवढ्यात चिखलातून काठी टेकत, हातात पिशवी घेऊन, म्हातारी स्वतःच आली. दार उघडलं, चढली, हात लांब केला. "हे मांगं काहून?"

म्हटलं, मामी, तुम्हीच सांगितलं होतं.

"सडकेवरचं सांगितलं होतं, बापू." अन् स्वतःच्या हातानं दांडी पुढं ढकलली. गाडी हळूहळू निघाली, चारही चाकांनी, जशी जायले पाहिजे तशी. गावापाशी वळवून घेतली, अन् सडक लागल्याबरोबर म्हणे थांबा, अन् दांडी मांगं ओढली. अकराले दहा मिनिटं कमी होते तेव्हा आम्ही दवाखान्यात.

तिथं डॉक्टर म्हणते, आज उजवा डोळा करू, डावा नंतर बघू. आता इतके दिवस दाबून ठेवलेलं, माह्या तोंडून निघूनच गेलं, "डॉक्टरसाहेब, नंतर काहून? दोन आहेत तं दोन्ही..."

पूर्ण नाही बोलू शकलो. स्ट्रेचरवरून आवाज आला, "जवाईबापू, सडक सपाट आहे. एक पुरते."

 बाहेर येऊन गाडी सावलीत लावली. दोन चाकांवर. एका फेरीत वळली.