कुणाला आवडू नये असं नाव

शेवगावच्या दवाखान्याच्या ओसरीत बायका आजारी पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शाळेत शिकवणाऱ्या कृपाबाईंच्या शेजारी एक सासू आणि तान्ही लेक घेतलेली तिची सून दबक्या आवाजात बोलत होत्या.

“नाव धोंडीच ठेवायचं.”

“आत्याबाई, लढाईवर जाताना त्यांनी सांगितलंय, पोरगी झाली तर मंजुळा म्हना.”

“पहिलीला चंद्रकला म्हनलं. मरीआईलाबी ते नाव गोड लागलं, न्हेलं तिला. मग दुसरी सुगंधा.”

“सुगंधा तापानं गेली, आत्याबाई. नावानं न्हाई.”

“ताप समद्या गल्लीला हुता. गेली कोन? सुगंधाच ना?”

“धोंडी म्हनायला माझी जीभच वळायची न्हाई.”

“वळंल. धोंड्याकडं कोन बघतंय? कुनी उचलून न्हेत न्हाई त्याला.”

“आन त्यांनी येऊन इचारलं तर?”

“त्यानं येऊन हाक मारावी आन पोरीनं ओ द्यावी. मला दुसरं काय पायजे?”

सून लेकीच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, “धोंडे, ए धोंडे.”

सासूनं डोळे पुसले आणि कृपाबाईंकडं वळून विचारलं, “बाई, तुमच्या लेकीचं नाव काय वो?”

कृपाबाईंच्या मांडीवर त्यांची दोन वर्षांची पोर तापानं फणफणली होती. पाळकसाहेबांनी ख्रिस्ती देवळात सगळ्यांसमोर पाणी शिंपडून तिचं नाव मनोरमा ठेवलं होतं. कृपाबाईंनी तिच्या तोंडावर पदर ओढला.

“दगडी,” त्या म्हणाल्या.